एस्तेरआजींचा शेवटचा परिच्छेद

आमच्या हुपरीच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि नोकरीला लागलेलीही पहिली मीच. नोकरी अशी की, नुकत्याच वारलेल्या माणसांविषयी एक आजी सांगतील ते नीट अक्षरात लिहून घ्यायचं. हे घरी सांगितलं तेव्हा वडील पैंजणाच्या कड्या जुळवत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "मेलेल्या माणसांचं? कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

 त्याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. संपादकांनी या अंकासाठी "तुमच्या कामाविषयी लिहा" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपलं कसलं काम, आणि आपण काय लिहिणार. इतकी वर्षं दुसऱ्याचं लिहून घेतलं. स्वतःचं एक वाक्य लिहायचं तर हात अडतो. तरी प्रयत्न करते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, रोज एसटीने जाऊन-येऊन. कॉलेजच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती : 'सुवाच्य अक्षराची मुलगी हवी. दुपारचे दोन तास. जेवण व एसटीचा पास मिळेल.' मी त्यातलं 'जेवण' वाचलं आणि पत्ता विचारत निघाले.

घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे अंगण, मागे परसात एका सुताराचं पत्र्याचं शेड. एस्तेरआजी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरच. उंच, सडपातळ, नऊवारी नेसलेल्या, कपाळ मोकळं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझं नाव-गाव न विचारता त्या म्हणाल्या, "बस. लिही. नबुखद्नेस्सर."

हे कुणाचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं. मी घाबरत काहीतरी लिहिलं. त्यांनी पिठाच्या हाताने कागद लांब धरून पाहिला.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण अक्षर सरळ रेषेत आहे. तो बायबलातला राजा होता. त्यालाही कुणीतरी लिहूनच दिलं असणार. उद्यापासून ये."

आता हे काम काय ते सांगते, कारण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते विचित्र वाटेल. मलाही वाटलं होतं. ख्रिस्ती माणूस वारला की दफनाआधी चर्चमध्ये उपासना होते. त्या वेळी मंडळींसमोर त्या माणसाचा जीवनवृत्तांत वाचतात : जन्म कुठे झाला, लग्न कधी झालं, नोकरी काय केली, स्वभाव कसा होता. वाचून झालं की सगळे 'आमेन' म्हणतात, आणि मग गीत गात गात कबरस्तानाकडे जातात. आजींच्या या चर्चमध्ये गेली कित्येक वर्षं हे सगळे वृत्तांत एकट्या एस्तेरआजी लिहीत होत्या. त्यावर त्यांचं नाव नसे. त्यांची गीतंही चर्चमध्ये गात, त्यावरही नाव नसे. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. एकदा उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांचं अक्षर वाचताना एका पोस्टमनला चुकून पैलवान करून टाकलं. तेव्हापासून लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं.

त्यांची पद्धत अशी. घरची माणसं रडत यायची. आजी त्यांना चहा द्यायच्या आणि मोठं काही विचारायच्या नाहीत. "जेवताना काय नको म्हणायचे?" "किल्ल्या कुठे ठेवायचे?" "कुणाशी बोलत नव्हते, आणि का?" हे ऐकून रडणारी माणसं थबकायची. मग एक जण म्हणायचा, वडील कारल्याला हात लावत नव्हते. दुसरा म्हणायचा, हात काय, नजर लावत नव्हते. तिसरी म्हणायची, खोटं, माझ्या घरी दोनदा खाल्लंय. मग भांडण, भांडणातून हसू. ते हसायला लागले की आजी पुन्हा भाकरी थापायला घ्यायच्या आणि मला खुणावायच्या. सांगताना त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची, आणि मधेच तव्याकडे बघून "करपली की मेली" असं कोल्हापुरी यायचं. सुरुवातीला मी तेही लिहून घेतलं होतं. ते कुणाच्या वृत्तांतात गेलं असतं तर बरं दिसलं नसतं.

वेळेचा हिशेब मागच्या शेडवरून कळायचा. तिथे याकोबमामा शवपेटी करायचे. सगळी मंडळी त्यांना मामाच म्हणत. करवत चालू असेपर्यंत आम्ही बालपणात असायचो. रंधा फिरायला लागला की लग्न, मुलंबाळं. आणि झाकणाच्या खिळ्यांचे ठोके सुरू झाले की आजी म्हणायच्या, "चल, शेवटचा परिच्छेद." त्यात माणसाने शेवटचे दिवस कुठे आणि कसे घालवले ते असायचं. ठोके थांबेपर्यंत आमचा पूर्णविराम पडायचाच. मागून मामा ओरडायचे, "झालं काय, एस्तेरबाई?" आणि पुढून आजी म्हणायच्या, "झालं."

घरी आईला मात्र या नोकरीची काळजी होती. ती म्हणाली, "तितं पानी बी पिऊ नगंस." नोकरीत जेवण होतं हे मी तिला सांगितलंच नव्हतं. नाताळाच्या आठवड्यात ती न सांगता बघायला आली. आजींनी तिला "सलाम" म्हणून आत घेतलं आणि समोर ताट ठेवलं : करंज्या, चकल्या, अनारसे. आई बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. "ह्यांच्यात बी करंजीच की," ती मला हळूच म्हणाली, जरा फसवलं गेल्यासारखी. मग एक खाऊन म्हणाली, "सारन जरा कोरडं हाय." दोघींची त्यावर तासभर चर्चा झाली. माझ्या नोकरीचा विषय त्यानंतर घरात कधी निघाला नाही.

काही वृत्तांत अजून तोंडपाठ आहेत. एका पेन्शनर गृहस्थांचे तीन मुलगे आले होते. त्यांचं एकच मागणं : 'त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही' असं वाक्य हवं. आजी भाकरी उलटायच्या थांबल्या.

"तुमचे वडील बोलले की रंकाळ्यावरचे बगळे उडायचे," त्या म्हणाल्या.

"व्हय, पण मेल्यावर तरी," थोरला म्हणाला.

"मेल्यावर खोटं बोलायला मंडळी कशाला गोळा करायची? ते घरीही जमतं."

बराच वेळ घोळ चालला. मागे रंध्याचा आवाज सुरू झाला तरी आम्ही स्वभावावरच अडकलेलो. शेवटी आजींनी सांगितलं आणि मी लिहिलं : 'त्यांचा आवाज मोठा होता, आणि तो गरीब-श्रीमंत, लहान-थोर सर्वांसाठी सारखाच मोठा होता.' चर्चमध्ये हे वाक्य आलं तेव्हा इतका मनापासून 'आमेन' झाला की पाळकसाहेबांना पुढे वाचायला थांबावं लागलं.

दुसरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक निवृत्त हेडमास्तर वारले. त्यांच्या दोन मुलांचं गॅरेज होतं, शाहूपुरीच्या बाजूला. दोघेही धिप्पाड, हाताला कायम ऑइल, आणि चर्चमध्ये त्यांना लग्नाशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. वृत्तांतासाठी बसले तेव्हा धाकटा भरात येऊन म्हणाला, "लिवा की, वडलांनी संस्कार असे केले की पोरं दर रविवारी उपासनेला असत्यात."

मी आजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता बगळ्यांसारखं काहीतरी येणार. आजी म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं. वृत्तांत वाचला गेला. मंडळी एकमेकांकडे बघत होती, पण बाहेर शवपेटी तयार, घरचे रडतायत, मधे कोण बोलणार? सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढच्या रविवारी दोघे भाऊ शेवटच्या बाकावर बसलेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. आमेन झालेलं वाक्य खोटं पाडायला त्यांना तोंड नव्हतं. एकदा थोरला अंगणात येऊन तक्रार करत होता, "आजी, रविवारीच तर गिऱ्हाईक असतंय. तुमी त्येवडं खोडून टाका की."

"देवासमोर वाचलंय," आजी म्हणाल्या. "त्यावर आमेन झालाय. आता खोडायचं माझ्या हातात नाही, तुमच्या पायात आहे. दहाला घंटा होते."

मी नंतर विचारलं की, हे तुम्ही ठरवून केलं का. त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "मी काय केलं? त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

आमचं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक मात्र जिवंत होतं. याकोबमामा. त्यांना आपला वृत्तांत आधीच लिहून हवा होता, कारण, "एस्तेरबाई, तुमी माज्या आदी गेला तर माज्यावर लिवनार कोन? ही पोरगी? हिला मी काय म्हाईत?" मामांची एक सवय होती. सलाम करताना त्यांची नजर माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत जायची आणि ओठ हलायचे. माप घेत असायचे. त्यामुळे चर्चमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि आजारी माणसं तर त्यांना बघून उठून चालायला लागायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रेमाने म्हणाले, "तुजी काय काळजी न्हाय बाळ. उरल्या मालात भागतंय."

स्वतःची शवपेटी त्यांनी तरुणपणीच करून ठेवली होती आणि तिच्यात ज्वारी साठवायचे. कुणी अचानक गेलं आणि लाकूड हाताशी नसलं की मामा ज्वारी बादल्यांत ओतायचे आणि स्वतःची पेटी द्यायचे. मग सावकाश दुसरी करायचे. एकदा घाईत ती नीट झाडली गेली नाही, आणि खांदा देणाऱ्यांच्या मागे कबरस्तानापर्यंत चिमण्या आल्या. लोकांना तो दैवी संकेत वाटला. वाचून झालेल्या वृत्तांतात तो मागाहून घालायला आजींनी नकार दिला.

तर मामा दर आठ-पंधरा दिवसांनी एक वाक्य घेऊन यायचे. एकदा म्हणाले, "लिवा, स्वभाव विनोदी व्हता."

"एक विनोद सांगा," आजी म्हणाल्या.

मामा विचार करत राहिले. मग घरी गेले. काही दिवसांनी आले आणि उभ्या उभ्या एक विनोद सांगितला. त्यात एक बैल होता, एक तलाठी होता, आणि शेवटी दोघेही कुठे गेले ते मला कळलं नाही. आजींनी भाकरी उलटली.

"मी असं लिहिते," आजी म्हणाल्या, "'विनोदी होण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.'"

"प्रामानिक ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले, आणि समाधानाने गेले.

हे सगळं हसण्यावारी लिहिते आहे, पण एक गोष्ट मला तिथे बसूनच कळली. आजींनी हे काम सुरू केलं ते त्यांच्या सासूबाईंमुळे. सासूबाई गेल्या तेव्हा वृत्तांत म्हणून दोन ओळी वाचल्या गेल्या : जन्म अमुक साली, मृत्यू आज. "त्या बाईने मला शिंक आली तरी सुनावलं," आजी मला म्हणाल्या, "आणि माझ्या चारही बाळंतपणांत रात्र रात्र जागली. दोन ओळीत सासू संपली. मला राग आला गं." त्या रात्री त्यांनी चार पानं लिहिली आणि महिन्यानंतरच्या स्मरणाच्या उपासनेत स्वतः उभं राहून वाचली. तोवर बायकांनी असं वाचलेलं नव्हतं. ते ऐकताना मला माझी आजी आठवली. हुपरीत जन्मभर चांदीच्या कड्या सांधत बसलेली, धुराने डोळे गेलेली. ती गेली तेव्हा कुणी काहीच बोललं नव्हतं; तेराव्याला जेवण चांगलं झालं, एवढंच सगळे म्हणाले. तिला जेवताना काय नको असायचं हे मला अजून आठवत नाही. विचारायलाही आता कुणी उरलेलं नाही.

तर मूळ गोष्ट. मी दुसऱ्या वर्षाला असताना एस्तेरआजी न्हाणीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण काही दिवस अंथरुणात होत्या. पुण्याहून त्यांचा थोरला मुलगा आला. डॅनियलकाका बँकेत अधिकारी होते, सज्जन, हळू बोलणारे, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी ठरवलं की आईला पुण्याला न्यायचं. बाकीच्या तिघा भावंडांनी फोनवरून होकार दिला.

"मी जाणार नाही," आजी म्हणाल्या.

"आई, तिकडे सगळं आहे. लिफ्ट आहे. न्हाणीत फरशीसुद्धा खडबडीत आहे."

"तिथे मी लिहू कुणावर?"

"पुण्यात माणसं मरत नाहीत का?"

"मरतात. पण माझ्या ओळखीची नाहीत. ओळख नसलेल्या माणसाला कारलं आवडायचं की नाही, मी कुणाला विचारू?"

काकांनी यावर वाद घातला नाही. परत जाताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. चर्चमध्ये उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, उपासना ठेवली आहे. त्यात तिचा थोडा परिचय वाचायचा आहे. तू तिला विचारून लिहून ठेव, मी वाचतो. त्यानंतर मी मंडळींना सांगणार आहे की, आईला आम्ही नेतोय. सगळ्यांसमोर सांगितलं की ती नाही म्हणणार नाही. तू मात्र तिला आत्ता काही बोलू नकोस."

मी मान हलवली. मला मोठ्या माणसांना नाही म्हणता येत नाही. ते फाटकाबाहेर गेले आणि आत चुलीपाशी आजींनी विचारलं, "सगळ्यांसमोर सांगणार आहे ना?"

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, हे काका पुण्यात राहून विसरले असावेत.

त्यानंतर आठवडाभर आजींची रोज एखादी तरी भाकरी करपायची. एक कुणी वारलं, त्याचा वृत्तांत केला, त्यातही त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटतं, आमच्या कामातला तो सगळ्यात साधा वृत्तांत असेल. कधी नव्हे ते आजी परसात जाऊन याकोबमामांच्या शेडच्या दारात उभ्या राहायच्या. मामांनी भिंतीला एक सागाची फळी उभी करून ठेवली होती, चांगली जाड, गाठ नसलेली. "ती तुमची," ते म्हणायचे. "कुनाला दिल्याली न्हाय. तुमी उंच, त्यात हलकं लाकूड शोभायचं न्हाय." एरवी आजींना त्याचा अभिमान होता. एके दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "पुण्याला गेले तर ही फळी काय करशील, याकोब?"  मामांनी फळीवरून नुसता हात फिरवला.

मग एका दुपारी आजींनी पीठ मळायला घेतलं आणि म्हणाल्या, "लिही. माझं."

मी लिहीत गेले. नेहमीसारखंच होतं सगळं : जन्म, शाळा, लग्न. शेवटाकडे आलो तशी मी अडखळले.

"आजी, हा तर... हा नेहमीसारखा शेवटपर्यंतचा झाला. वाढदिवसाला असं चालतं का?"

"मला दुसरं काही लिहिता येतं का? शेवट नसला की मला मजकूर अपुरा वाटतो."

"पण डॅनियलकाका..."

"तो माझाच मुलगा आहे. समोर लिहिलेलं असेल तर वाचतो. शाळेतही तसाच होता. पाटीवर 'घरी जा' लिहिलेलं वाचून घरी आला होता. पूर्णविराम दे."

वाढदिवसाच्या सकाळी काका पुण्याहून कुटुंबासह आले, थेट चर्चमध्येच. मी त्यांच्या हातात पानं दिली. त्यांनी पहिलं पान चाळलं, "अक्षर छान आहे" म्हणाले, आणि खिशातली स्वतःची घोषणेची चिठ्ठी चाचपली. आजी पुढच्या खुर्चीत, नव्या नऊवारीत, हातात रुमाल. मामा पहिल्या बाकावर, शेजारची जागा नेहमीप्रमाणे रिकामी. गॅरेजवाले भाऊ शेवटच्या बाकावर. टेबलावर केक.

काका वाचायला लागले. त्यांचा आवाज चांगला आहे.

"'एस्तेरबाईंना लग्नात एक शिवणयंत्र आणि एक सासूबाई मिळाल्या. शिवणयंत्र लवकर बिघडले.'" मंडळी हसली. "'चार मुले वाढवताना त्यांनी चुलीसमोर गीते रचली. त्यांतली निम्मी दूध उतू गेल्यामुळे अपुरी राहिली. देवावर त्यांचा विश्वास पूर्ण होता, दूधवाल्यावर अर्धा.'"

काकाही हसत होते. पान उलटलं.

"'त्यांचा थोरला मुलगा डॅनियल फार गुणी. आईने एकदा नाही म्हटले की तो दुसऱ्यांदा विचारत नसे.'"

इथे त्यांचा वेग जरा कमी झाला. पण मंडळी ऐकत होती, आणि समोर लिहिलेलं होतं.

"'उतारवयात न्हाणीत पाय घसरला, तरी त्यांनी कोल्हापूर सोडले नाही. मुलांनी आग्रह केला, मग आईचे मन पाहून तो मागे घेतला. शेवटपर्यंत त्या चर्चमागच्या आपल्या घरातच राहिल्या, आणि मुले-नातवंडे दर नाताळाला कोल्हापुरास येत राहिली.'"

काका थांबले. कागदावर आणखी काही आहे का ते पाहिलं. नव्हतं.

आता सवय काय करते पाहा. 'शेवटपर्यंत' हा शब्द आला की याकोबमामा बाकावरून उठतात आणि झाकण बघायला बाहेर जातात. ते उठले आणि बाहेर गेले. ते उठलेले पाहून मंडळी उठली. सगळ्यांनी खणखणीत आमेन म्हटलं. गॅरेजवाल्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आमेन झाल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दफनाचं गीत सुरू केलं, हार्मोनियमवाल्यानेही सूर धरला, आणि पहिलं कडवं पुरं होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही की जिच्यासाठी गातोय ती खुर्चीत बसून आपल्याबरोबर गातेय. तिसरं कडवं आजींनीच रचलेलं होतं. ते झाल्याशिवाय त्यांनी कुणाला थांबूही दिलं नाही. पाळकसाहेब केकची सुरी हातात धरून उभे.

गीत गल्लीत ऐकू गेलं. शेजारच्या पाटीलकाकू पदर डोळ्याला लावून धावत आल्या, "एस्तेरबाई गेल्या की वो," म्हणत. दारात त्यांना आजी दिसल्या.

"या, बसा," आजी म्हणाल्या. "केक घेऊन जा. तुमचंही नाव आलंय दुसऱ्या पानावर, उसन्या चाळणीबद्दल."

मामा दारातून डोकावले. "भाईर पेटी न्हाई," ते गोंधळून म्हणाले. "मी कुटं ठिवली?"

या गलबल्यात डॅनियलकाका तसेच उभे होते. त्यांचा हात खिशातल्या चिठ्ठीवर गेला. तेव्हा शेवटच्या बाकावरून गॅरेजवाला थोरला भाऊ शांतपणे म्हणाला, "आता काय उपेग न्हाय, डॅनियलदादा. आमेन झाला. आमचं बघताय न्हवं? अजून बसतोय हितं."

काकांनी चिठ्ठी पुन्हा खिशात सारली. ते आईसमोर जाऊन बसले. "आई, तू हे मुद्दाम केलंस."

"तू वाचलंस," आजी म्हणाल्या. "पडले तर पडले, बाळा. पण माझ्या माणसांत पडू दे." मग रुमालाने नाक पुसून म्हणाल्या, "आणि 'घरातच राहिल्या' हे तू फार छान वाचलंस. वडिलांसारखं."

 काका उठले आणि मामांना शोधायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा काका अजून पुण्याला गेले नव्हते. न्हाणीत याकोबमामांबरोबर उकिडवे बसून टेप धरत होते. भिंतीला धरायला एक जाड दांडा बसत होता, दाराशी दुसरा, उंबऱ्याजवळ तिसरा. लाकूड ओळखीचं होतं. बिनगाठीचा साग.

आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "याकोब, ही माझी फळी. पेटीला कमी पडेल की."

मामांनी तोंडातले खिळे काढले. "पडू द्या. शेवटपर्यंत म्हंजे लई दिस हाईत. तवर दुसरी गावंल." आणि त्यांनी हातोडी घेतली.

ठोके सुरू झाले तसा मी सवयीने कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग न्हाणीकडे, आणि भाकरीचा गोळा हातात घेतला.

"बंद कर ते पेन," त्या म्हणाल्या. "आज कुणी गेलेलं नाही. गरम आहे तोवर जेव."